बीएलई (कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ) टॅग शेजारच्या गल्लीत दिसतोय, दुरुस्त केलं तरी महिन्याभरात परत तेच : काय काय तपासायचं

ट्रॉली उभी आहे दुसऱ्या गल्लीत आणि स्क्रीनवर ठिपका तिसऱ्या गल्लीत, मधेच पहिल्या, परत तिसऱ्या. ट्रॉलीला कोणी हातसुद्धा लावलेला नाही. तुम्ही फिल्टर, म्हणजे आकड्यांच्या उड्या गुळगुळीत करणारं गणित, बदलता, आठवडाभर बरं चालतं, वाटतं सुटलं एकदाचं, आणि मग सुपरवायझरचा फोन येतो की परत तसंच व्हायला लागलंय. ज्यांच्याकडे हे होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी भिवंडीतल्या एका गोडाऊनमध्ये याच्याशी जवळजवळ वर्षभर झगडलोय आणि शेवटी जे कामाला आलं ते मला एका जागी कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

आधी मांडणी सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळवून बघता येईल. पत्र्याचं छप्पर, लोखंडी रॅक, चार गल्ल्या. माल किराणा वितरकाचा, म्हणजे तेलाचे डबे, साबण, बिस्किटं, शाम्पू, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. ट्रॉल्यांना सीआर२०३२ सेलवर चालणारे बीएलई टॅग, खांबांवर आठ ईएसपी३२ (वायफाय आणि ब्लूटूथ असलेली छोटी चिप) रिसीव्हर, प्रत्येक रिसीव्हर टॅगचा आरएसएसआय, म्हणजे सिग्नल किती जोरात पोचला तो आकडा (शून्याच्या जितका जवळ तितका जोरात), मोजतो आणि वायफायवरून सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर ठरवतो की ट्रॉली कुठल्या गल्लीत आहे. मालकाला मीटर-सेंटीमीटर नको होतं, फक्त गल्ली हवी होती, आणि तीच चुकत होती.

सगळ्यात आधी फिल्टर बंद करा. काल्मन असो, सरासरी असो, पार्टिकल फिल्टर असो, सगळं बाजूला ठेवा आणि कच्ची रीडिंग बघा. एक टॅग गल्लीच्या मध्यावर स्टुलावर ठेवा, आजूबाजूची माणसं लांब करा आणि दहा मिनिटं सगळ्या रिसीव्हरचं रीडिंग वेळेसकट फाइलमध्ये उतरवून घ्या. टॅग हललेला नाही, माणूस फिरलेला नाही, तरी रीडिंग दहाबारा डीबीने (डेसिबल, सिग्नलची ताकद मोजायचं एकक) वरखाली होताना दिसेल, माझ्याकडे एकच रिसीव्हर -६४ ते -७६ च्या मधे नाचत होता. यात टॅग खराब नाहीये. बीएलई टॅग आपला संदेश तीन वेगवेगळ्या चॅनलवर ओरडून सांगतो, ३७, ३८ आणि ३९, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ, आणि पत्रा, लोखंड, फरशी यांच्यावरून परावर्तन होऊन येणाऱ्या लहरी प्रत्येक चॅनलवर वेगळ्या प्रकारे एकमेकींना मिळतात किंवा मारतात. म्हणून एकाच जागी तीन वेगळी रीडिंग येतात आणि कुठलं रीडिंग कुठल्या चॅनलचं हे रिसीव्हर सहसा सांगत नाही. त्यात या लहरींची लांबी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे टॅग चारपाच बोटं सरकवला तरी आकडा बदलतो. हे एकदा डोळ्याने बघितलं की पुढचं सगळं सोपं जातं, नाहीतर आपण जे नैसर्गिक आहे त्यालाच बिघाड समजून महिने घालवतो.

आता हा आकडा अंतरात बदलायचा मोह. सूत्र सगळ्यांना माहीत असतं, एक मीटरवरच्या रीडिंगमधून आत्ताचं रीडिंग वजा करायचं, त्याला १० गुणिले एन ने भागायचं आणि जे येईल तो १० चा घात, झालं अंतर. एन म्हणजे अंतर वाढेल तसा सिग्नल किती झपाट्याने पडतो तो आकडा, मोकळ्या जागेत तो २ असतो. समजा एक मीटरवर -५९ येतंय आणि आत्ता -७९, तर अंतर १० मीटर. तोच एन ३ धरला तर ४.६ मीटर. आणि एन २ च ठेवून रीडिंग नुसतं सहा डीबी इकडेतिकडे झालं तर १० मीटरचे एकदा ५ होतात आणि एकदा २०. सहा डीबी तर आपण बघितलंच, टॅग न हलवता होतात. मग तीन रिसीव्हरची तीन वर्तुळं काढून त्यांचा छेद शोधायचा, जे नेटवर प्रत्येक उदाहरणात असतं, ते लोखंडी रॅकच्या गोडाऊनमध्ये चालणार कसं? मी स्वतः दोन महिने त्या वर्तुळांवर घालवले. गल्ली हवी असेल तर वर्तुळं सोडून द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना अंतर लागतंच, म्हणजे दरवाजाजवळ आलं की अलार्म वगैरे, त्यांनी निदान एक मीटरवरचा आकडा स्वतः मोजा. -५९ हा उदाहरणातला आकडा आहे, तो तुमच्या टॅगचा नाही. आणि इथे एक खड्डा आहे ज्यात खूप जण पडतात : टॅगच्या संदेशाच्या दोन मांडण्या चालतात, त्यातल्या ॲपलच्या आयबीकन फॉरमॅटमध्ये जो पॉवरचा आकडा येतो तो एक मीटरवरचा असतो आणि गूगलच्या एडीस्टोनमध्ये येतो तो शून्य मीटरवरचा, दोघांत ४१ डीबीचा फरक धरतात. म्हणजे एडीस्टोनचा आकडा घेऊन आयबीकनच्या सूत्रात टाकला तर सगळ्या ट्रॉल्या शंभरपट लांब गेल्यासारख्या दिसतात आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो. मोजताना टॅग ट्रॉलीवर लावूनच मोजा, हातात धरून नाही. टॅग थेट लोखंडाला चिकटवला की त्याची अँटेना बिघडते, रेंज पडते. मी टॅगच्या मागे दोनेक सेंटीमीटर जाड फोमचा तुकडा लावला, तेवढ्याने फरक लगेच दिसला.

रिसीव्हरकडेही बघा. ईएसपी३२ मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकच रेडिओ वाटून घेतात, म्हणजे वायफायवर पाठवत असताना त्याला टॅग ऐकू येत नाही. बऱ्याच उदाहरणांत स्कॅनचा इंटरव्हल १०० आणि विंडो ९९ ठेवलेली असते, म्हणजे जवळजवळ सगळा वेळ ऐकण्यातच, त्यात वर प्रत्येक टॅगमागे एक एमक्यूटीटी (सर्व्हरला छोटे संदेश पाठवायची पद्धत) मेसेज पाठवला की वायफाय आणि स्कॅन एकमेकांच्या ताटात हात घालतात, रिसीव्हर मधेच गप्प होतो, आणि जो रिसीव्हर गप्प तिथून ट्रॉली गायब. मी मेसेज साठवून दोन सेकंदांतून एकदा एकत्र पाठवायला लागलो तेव्हा हे बरंचसं थांबलं. जिथे केबल नेता येते तिथे इथरनेटवाला ईएसपी३२ बोर्ड लावा, मग हा प्रश्नच उरत नाही. शिवाय सगळ्या रिसीव्हरची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) जुळवा, नाहीतर एकाचं आत्ताचं आणि दुसऱ्याचं दहा सेकंदांपूर्वीचं रीडिंग शेजारी ठेवून आपण तुलना करत राहतो. आणि प्रत्येक रिसीव्हरचा कान वेगळा असतो, एकच टॅग एक मीटरवर ठेवून आठही रिसीव्हरसमोर फिरवा आणि जो फरक येईल तो कायमचा लिहून ठेवा, नंतर तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा.

सरासरीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लांबचा रिसीव्हर, जिथे सिग्नल -९० च्या आसपास पोचतो, तिथे सगळे संदेश ऐकूच येत नाहीत. जे नशिबाने जोरात आले तेवढेच येतात, कमजोर वाटेत गळतात. मग जे आले त्यांची सरासरी काढली की लांबचा रिसीव्हर आहे त्यापेक्षा जवळ वाटतो! फिल्टर कितीही चांगला असला तरी जे रीडिंग आलंच नाही ते तो कुठून आणणार. म्हणून नुसता आरएसएसआय बघू नका, किती संदेश यायला हवे होते आणि किती आले हेही मोजा. टॅग सेकंदाला दोनदा बोलत असेल तर दहा सेकंदांत वीस यायला हवेत, एका रिसीव्हरकडे अठरा आले आणि दुसऱ्याकडे चार, तर दोघांचे आकडे सारखे दिसत असले तरी टॅग पहिल्याच्या जवळ असण्याचीच शक्यता जास्त. आणि सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला, घ्या, एखाद्या भरकटलेल्या आकड्याने तो हलत नाही. सगळ्याच रिसीव्हरकडे एका टॅगचे संदेश कमी व्हायला लागले तर आधी सेल बदलून बघा.

इथपर्यंत सगळं केलं तरी माझ्याकडे प्रश्न परत येत होता. आणि तो का येतो हे मला सुपरवायझर काकांनी सांगितलं. एका संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, ते चहा घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, ट्रक उतरला ना की तुमचा ठिपका येडा होतो बघा, रिकामं असतं तेव्हा कसा गप बसतो." मी त्यांच्याकडचं आवक रजिस्टर मागून घेतलं, आणि माझ्या लॉगमधल्या चुकांच्या तारखा शेजारी मांडल्या. मोठ्या आवकीच्या दुसऱ्या दिवसापासून चुका वाढत होत्या, जवळजवळ दर वेळी. उन्हाळ्यात तिसऱ्या गल्लीत पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या भिंतीसारख्या रचल्या जातात, दिवाळीच्या आधी तेलाचे डबे छपरापर्यंत जातात, आणि माल गेला की रॅक उघडेबोडके.

कारण साधं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, म्हणून भरलेल्या बाटल्यांचं पॅलेट मधे आलं की सिग्नल गाडला जातो, आणि पत्र्याचे डबे त्याला उलटा परतवतात. माणसाचं शरीरसुद्धा बहुतांश पाणीच, म्हणून हमाल टॅग आणि रिसीव्हरच्या मधे उभा राहिला की आकडा पडतो. हे आजचं नाही, मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये बाहल आणि पद्मनाभन यांनी २००० साली वायफायच्या ताकदीवरून ऑफिसच्या मजल्यावर माणूस शोधायची 'रडार' ही पद्धत मांडली तेव्हा त्यांनीही माणूस कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे हे नोंदवलं होतं, कारण पाठ आड आली की रीडिंग बदलायचं. त्यांची पद्धत म्हणजे आज आपण जिला फिंगरप्रिंटिंग म्हणतो ती : आधी जागोजागी उभं राहून रीडिंगचा नकाशा बनवायचा आणि नंतर आलेलं रीडिंग नकाशातल्या कशाशी जुळतं ते बघायचं. त्यांना साधारण दोन ते तीन मीटरची मध्यक चूक मिळाली होती. ते ऑफिस होतं, भिंती रोज जागा बदलत नाहीत. गोडाऊनमध्ये माल हीच भिंत आहे आणि ती दर आठवड्याला हलते. मी माझा नकाशा जानेवारीत, अर्धं गोडाऊन रिकामं असताना बनवला होता आणि तो मे महिन्यात वापरत होतो. मी फिल्टर बदलायचो तेव्हा बरं का वाटायचं, तर तोपर्यंत मालही हललेला असायचा.

यावर एक उपाय म्हणजे दर आठवड्याला परत सर्व्हे करायचा, जो कोणी करत नाही, पहिले दोन आठवडे उत्साहात होतो आणि मग राहतो. माझ्याकडे चाललेला उपाय म्हणजे जागेवर कायम बसवलेले संदर्भ टॅग. ही कल्पनाही जुनी आहे, लायनेल नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'लँडमार्क' नावाने अॅक्टिव्ह आरएफआयडीसाठी (स्वतःच्या सेलवर चालणारे रेडिओ टॅग) मांडली होती. ट्रॉलीवर जो टॅग तोच टॅग, त्याच कंपनीचा, तितकेच संदेश देणारा, त्याच उंचीवर, तसाच फोम मागे लावून रॅकच्या उभ्या खांबांना ठोकून टाकायचा. मी प्रत्येक गल्लीत तीन लावले, दोन टोकांना आणि एक मधे, म्हणजे एकूण बारा. आता आठ रिसीव्हर प्रत्येक संदर्भ टॅगसाठी आठ आकडे देतात आणि ट्रॉलीसाठीही आठ. ट्रॉलीचे आठ आकडे ज्या टॅगच्या आठ आकड्यांशी सगळ्यात जास्त जुळतात असे चार संदर्भ टॅग निवडायचे, फरकांचे वर्ग करून बेरीज, जितकी कमी तितकं जवळ, आणि ते चार ज्या गल्लीचं मत देतील ती गल्ली. जवळच्या टॅगच्या मताला वजन जास्त द्यायचं, म्हणजे दोन-दोन असं अडत नाही. ज्या रिसीव्हरला टॅग ऐकूच आला नाही तिथे रिकामी जागा सोडू नका, -१०० टाका, ऐकू न येणं हीसुद्धा माहितीच आहे.

यात होतं काय, की बाटल्यांचं पॅलेट मधे आलं तर ट्रॉलीचं रीडिंग पडतं आणि शेजारच्या संदर्भ टॅगचंही तसंच पडतं, म्हणजे नकाशा आपोआप ताजा राहतो. आणि दुसरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता : संदर्भ टॅग कुठे आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं, तर दर तासाला त्यातल्या एकेकाला ट्रॉली समजून उरलेल्या अकरांवरून त्याची गल्ली ओळखायला लावायची. चुकायला लागला की समजायचं त्या भागात काहीतरी बदललंय, रिसीव्हर बंद पडलाय किंवा टॅगचा सेल उतरलाय. सुपरवायझरचा फोन यायच्या आधी आपल्याला कळतं. माझ्या मते या सगळ्यातली सर्वात उपयोगी गोष्ट हीच.

रिसीव्हर कुठे लावलेत तेही बघा. मी सुरुवातीला सगळे छपराखाली उंच लावले होते, वरून सगळीकडचं छान ऐकू येईल म्हणून, आणि छान ऐकू येणं हाच घोटाळा होता कारण वरून चारही गल्ल्या सारख्याच ऐकू येतात. गल्ली ओळखायची असेल तर मधला माल आपल्या बाजूचा आहे, त्याला आड येऊ द्या. रिसीव्हर दोन मीटरच्या आसपास खाली, गल्लीच्या आत आणले तेव्हा शेजारच्या गल्ल्यांच्या आकड्यांत स्पष्ट दरी पडली. फक्त पॅलेट ट्रकचा धक्का लागणार नाही अशा जागी लावा आणि खांबाच्या लोखंडापासून थोडं अंतर ठेवा.

मग शेवटी, आणि शेवटीच, थोडी समज घालायची. नवीन गल्ली सलग तीन वेळा जिंकल्याशिवाय ठिपका हलवायचा नाही. पहिल्या गल्लीतून चौथ्या गल्लीत जायचं तर ट्रॉलीला पुढच्या मोकळ्या पट्ट्यातूनच जावं लागतं, रॅकच्या आरपार जाता येत नाही, तर हे नियमात लिहून टाका. हे आधी केलं असतं तर मुळातल्या सगळ्या चुका झाकल्या गेल्या असत्या आणि मला कधीच दिसल्या नसत्या.

ज्यांचं टॅगवर नाही तर फोनच्या वायफाय स्कॅनवर चाललंय त्यांच्यासाठी दोनचार गोष्टी. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ॲप दोन मिनिटांत चारच स्कॅन करू शकतं आणि मागे चालणाऱ्या सगळ्या ॲपना मिळून अर्ध्या तासात एक, त्यामुळे ठिपका एका जागी अडकून मग एकदम उडी मारत असेल तर तो सिग्नलचा दोष नाही, जुनंच रीडिंग परत परत येतंय. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शनमध्ये हे बंधन चाचणीपुरतं काढता येतं. आयफोनवर साध्या ॲपला आजूबाजूच्या राउटरची ताकद मिळतच नाही, तिथे बीएलईच घ्यावं लागतं. नकाशात लोकांचे मोबाइल हॉटस्पॉट येऊ देऊ नका, फक्त इमारतीत कायम बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटचे पत्ते ठेवा. आणि नेटवर्कवाल्यांना विचारा की ॲक्सेस पॉइंट आपली पॉवर आणि चॅनल स्वतःहून बदलतात का, कंट्रोलरवर चालणाऱ्या मोठ्या नेटवर्कमध्ये हे रात्रीतून होतं आणि सकाळी तुमचा नकाशा खोटा ठरलेला असतो. दोन कंपन्यांचे फोन एकाच जागी वेगळे आकडे देतात, म्हणून थेट आकड्यांऐवजी दोन ॲक्सेस पॉइंटमधला फरक वापरला तर फोन बदलल्याने कमी बिघडतं.

आणि मालकाला जर माल कुठल्या फळीवर आहे हे हवं असेल तर सिग्नलच्या ताकदीवर ते होणार नाही, हे आधीच सांगून टाका, नंतर सांगणं जड जातं. त्यासाठी वेळ मोजणारी पद्धत लागते, यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) किंवा वायफायची एफटीएम (फाइन टाइमिंग मेजरमेंट), किंवा दिशा मोजणारी, जी ब्लूटूथ ५.१ मध्ये २०१९ साली आली. खर्च वेगळा, बसवणं वेगळं.

माझ्याकडे सध्या चार गल्ल्यांपैकी तीन शांत आहेत. चौथीच्या आतल्या टोकाला, जिथे पत्र्याची भिंत आणि लोखंडी शटर काटकोनात येतात, तिथे अजून ट्रॉली मधूनमधून तिसरीत दिसते. तिथला संदर्भ टॅग शटरपासून दोन मीटर अलीकडे घेऊन बघतोय आणि एक नववा रिसीव्हर त्या कोपऱ्यात लावायचा आहे. कोणाकडे शटरजवळ असंच होत असेल तर शटर उघडं असताना आणि बंद असताना अशी दोन्ही वेळची कच्ची रीडिंग टाका, टॅग किती उंचीवर आहे आणि त्या वेळी मधे काय माल होता तेवढं लिहा, जुळवून बघू.